पाचपैकी साडेतीन: लातुरातल्या एका आयसीयूबद्दल

आमच्या गुरुजींना, म्हणजे माझ्या यजमानांना, आयसीयूतून बाहेर येऊन तीन महिने होत आले. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या पोरानं मोबाइल पुढं करून म्हटलं, "काकू, पाच स्टार देऊन टाका ना." तेव्हा दिले नाहीत. बिलाची पावती मुठीत आणि माणूस व्हीलचेअरवर, अशा वेळी दिलेले स्टार एक तर रागाचे असतात नाहीतर उपकाराचे. आता डोकं ठिकाणावर आहे, आता देते. पाचपैकी साडेतीन.

हॉस्पिटल लातूरचं, खासगी, आयसीयू सोळा खाटांचा. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक तिथल्या डॉक्टरला देव तरी करतात नाहीतर त्याची कॉलर तरी धरतात, आणि सरकारी दवाखान्यांत चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काढल्यावर मला या दोन्हींचा वीट आलाय. शेवटची बारा वर्षं मी अतिदक्षता विभागातच होते, इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. त्यामुळं नातेवाईक म्हणून आत गेले तरी नजर ड्युटीवरचीच. लोक आत शिरल्यावर मशीनं मोजतात. मी बेडच्या पायथ्याशी अडकवलेली हात चोळायच्या औषधाची बाटली बघते. ती गच्च भरलेली आणि वर धूळ असेल तर समजायचं, इथं कुणी हात लावत नाही. इथली बाटली अर्धी होती आणि तोंडाशी ओला थेंब होता. पहिला स्टार तिथंच पडला.

आम्ही अहमदपूरला राहतो. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, वय ६९, शुगर पंधरा वर्षांची. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात ताप आला. तीन दिवस "पावसात भिजलो, त्याचा आहे" म्हणत अंगावर काढला. चौथ्या दिवशी सकाळी मी सहज श्वास मोजले तर मिनिटाला ३८. वाक्य पुरं होईना, आणि हा माणूस एका दमात एकोणतीसचा पाढा म्हणणारा. गावातल्या डॉक्टरांना मी एकच विनवणी केली: लातूरला पाठवा, पण अँटिबायोटिकचा पहिला डोस इथंच द्या. जंतू रक्तात पसरून बीपी पडायला लागलं की अँटिबायोटिक तासाभरात जायला हवं, असं सेप्सिसच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात. ॲम्ब्युलन्स येणार, रस्ता कापणार, मग तिथला फॉर्म, डिपॉझिट. तो तास रस्त्यातच संपतो. डॉक्टरांनी कुरकुर न करता सुई दिली. या अभिप्रायात त्यांना स्टार द्यायची सोय नाही, नाहीतर पाचच्या पाच दिले असते.

लातूरला पोचल्यावर अर्ध्या तासात श्वासासाठी घशातून नळी टाकावी लागली. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक. मला ओळखीनं पाच मिनिटं आत उभं राहू दिलं होतं. तिथला आयसीयूचा डॉक्टर, असेल पस्तिशीचा, त्यानं व्हेंटिलेटर लावायच्या आधी खिशातून शिंप्याची टेप काढली आणि गुरुजींची टाळूपासून टाचेपर्यंत उंची मोजली. बाहेर येऊन मुलाला सांगितलं तर तो भडकलाच. "माणूस चाललाय आणि माप कसलं घेतायत? कपडे शिवायचेत का?"

माप श्वासाचं होतं. गुरुजींचं वजन ८२ किलो, उंची १६३ सेंटीमीटर. एका श्वासाला मशीननं किती हवा ढकलायची हे काट्यावरच्या वजनावर धरलं तर चुकतं, कारण माणसाला ढेरी सुटली म्हणून फुप्फुस वाढत नाही. ते उंचीच्या मापाचं असतं. उंचीवरून हिशेबाचं वजन निघालं साठाच्या आसपास, त्याला किलोमागं ६ मिलिलिटर, म्हणजे ३६०. स्क्रीनवर ३६० होते. मी शिकले तेव्हा किलोमागं १० ते १२ धरायचे, तेही खाटेवरच्या अंदाजी वजनावर. या माणसाला तेव्हा आठशे-नऊशे दिले असते, आणि छाती कशी झकास वरखाली होतेय म्हणून आम्ही समाधानानं बघत बसलो असतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरच्या अभ्यासानं ते समाधान मोडलं. किलोमागं १२ च्या हिशेबानं हवा दिलेल्यांत ३९.८ टक्के दगावले, ६ च्या हिशेबानं दिलेल्यांत ३१ टक्के. सुजलेल्या फुप्फुसाचा उघडा राहिलेला तुकडा मुळात लेकराच्या फुप्फुसाएवढा. त्यात थोराचा श्वास कोंबला की मशीनच इजा करतं. या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. दहा-वीस रुपयांची टेप किती जण खिशात ठेवतात हे मी नोकरीत बघितलंय, म्हणून या टेपचं मला एवढं कौतुक.

त्याच रात्री पालथं घातलं. सहा माणसं लागली. एकजण डोक्याशी नळी धरून. तो म्हणेल तेव्हाच बाकीच्यांनी हलायचं. छातीखाली आणि कमरेखाली उशा, पोट मोकळं, डोळे चिकटपट्टीनं मिटलेले, एक हात वर, एक खाली, आणि ठरावीक वेळानं मान-हाताची बाजू बदलायची. असे १६ तास. उताणं झोपलं की हृदयाचा आणि पोटाचा भार फुप्फुसाच्या पाठीकडच्या भागावर येतो आणि तो मिटून जातो. पालथं केलं की उघडतो. २०१३ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांनी ४६६ रुग्णांचा अभ्यास छापला. पालथं घातलेल्यांत २८ दिवसांत १६ टक्के गेले, उताणं ठेवलेल्यांत जवळजवळ ३३. यात नवं औषध नाही, नवं मशीन नाही; सहा माणसं एका वेळी हजर पाहिजेत, बस. गुरुजींना तीनदा पालथं घातलं. तिसऱ्यांदा रविवारची रात्र होती, तरी माणसं गोळा केली. मी वहीत तारीख-वेळ लिहून ठेवलीय.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली त्यांच्याकडून. पालथ्यावरून सुलटं केल्यावर चेहरा भोपळ्यासारखा सुजतो, ओठ बाहेर येतात, आणि दोन दिवसांत ती सूज उतरते. आमच्या लेकीला कुणी सांगितलं नव्हतं. काचेतून बघून तिनं असा हंबरडा फोडला की लिफ्टमधली माणसं धावत आली. मी बाथरूमला गेले होते. दोन वाक्यांचं काम होतं.

पडलेलं बीपी वर धरायचं औषध चालू होतं तेव्हा तो डॉक्टर दर अर्ध्या तासाला येऊन गुरुजींच्या बोटाचं टोक दहा सेकंद दाबायचा, सोडायचा आणि रंग तीन सेकंदांत परत येतो का बघायचा. सलाईन आणखी सोडायचं की थांबायचं याचा अंदाज त्यावरून. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या २८ हॉस्पिटलांत याची रक्तातल्या लॅक्टेटच्या (शरीराला रक्तपुरवठा कमी पडला की वाढणारा पदार्थ) तपासणीशी गाठ घातली होती. बोट बघून चाललेल्यांत मृत्यू थोडे कमीच होते, जरी तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही. मला आमच्या पहिल्या मेट्रन बाई आठवल्या. चार्ट हातात घेतला की ओरडायच्या, "आधी पायाला हात लाव गं, गार आहेत का बघ."

मला खरं आवडलं ते त्या डॉक्टरचं थांबणं. हिमोग्लोबिन ८.१ आलं तेव्हा मुलगा रक्त द्यायला चार मित्र घेऊन उभा होता. डॉक्टर म्हणाला, सातच्या खाली गेलं तर बघू. कॅनडातला १९९९ चा अभ्यास यालाच धरून आहे. त्याआधी आम्ही दहाच्या खाली उतरलं की पिशवी चढवायचो आणि नातेवाइकांना रक्तपेढीत पळवायचो. शुगरचंही तसंच. २००१ मध्ये बेल्जियममधून बातमी आली की आयसीयूत शुगर ११० च्या आत ठेवली की माणसं वाचतात. मग काय, सगळीकडं इन्सुलिनचे पंप. रात्री तीनला पेशंटला दरदरून घाम आणि ग्लुकोमीटरवर ३८, असे प्रसंग मी हातानं निस्तरलेत. २००९ ला सहा हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला आणि कडक शुगर ठेवलेल्यांतच मृत्यू जास्त निघाले. आता १८० च्या आत असली की पुरे. गुरुजींची १६०-१७० असायची आणि माझा मेहुणा व्हॉट्सअॅपवर "शुगर एवढी कशी?" म्हणून सल्ले पाठवायचा.

सहाव्या दिवशी लघवी कमी झाली, मूत्रपिंडाचा हाल सांगणारं क्रिएटिनिन चढलं. डायलिसिस, असं मी मनात धरूनच टाकलं. डॉक्टर म्हणाला, पोटॅशियम ठीक आहे, श्वासाला पाण्याचा त्रास नाही, आपण थांबू. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात लवकर डायलिसिस सुरू केल्यानं एकही जीव जास्त वाचला नव्हता, उलट नंतर डायलिसिसवर अडकून राहणारे वाढले होते. आठव्या दिवशी पिशवीत लघवी उतरली. मी ती पिशवी बघून हात जोडले. मावशींना वाटलं, बाईच्या डोक्यावर परिणाम झाला.

पाचव्या दिवसापासून रोज सकाळी सातला झोपेचं औषध बंद करायचे. माझ्या काळात व्हेंटिलेटरवरचा पेशंट म्हणजे गाढ झोपलेला पेशंट. हलला की आणखी एक अँपुल. शांत वॉर्ड म्हणजे चांगला वॉर्ड. इथं सकाळी खाटाखाटांवर माणसं डोळे उघडून खोकत असायची आणि आवाज असा की बाजार भरलाय. झोप उतरवायची, श्वास स्वतःचा घेता येतो का बघायचं, जमलं तर नळी काढायची, नाही जमलं तर औषध निम्म्यावर. २००८ साली या जोडीचा अभ्यास झाला: झोप उतरवणं आणि श्वासाची परीक्षा रोज एकत्र केली तर वर्षभरानं हिशेब करता दर सात रुग्णांमागं एक जीव जास्त वाचलेला दिसला. सात. औषधांत असे आकडे फार थोड्यांच्या नशिबी येतात.

जागं केल्यावर गुरुजींच्या डोक्यात गोंधळ झालाय का हे कंधारकडची एक सिस्टर पोरगी तपासायची, तेविशीची असेल. नळी तोंडात, बोलता येत नाही, म्हणून मानेनं उत्तरं. ती अक्षरं म्हणायची आणि ठरलेलं अक्षर आलं की गुरुजींनी तिचा हात दाबायचा. मग प्रश्न: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का? मला वाटलं पोरगी थट्टा करतेय, पण ही जगभर वापरतात तीच परीक्षा आहे. गुरुजी सातव्या दिवशी नापास, आठव्याला नापास. दहाव्या दिवशी नळी निघाली आणि संध्याकाळी पोरीनं विचारलं, "बाबा, दगड पाण्यावर तरंगतो का?" घोगऱ्या आवाजात गुरुजी म्हणाले, "खाली बस. गृहपाठ दाखव." पुन्हा नापास. पण मी बाहेर येऊन इतकी हसले, इतकी हसले, की मुलाला आधी रडतेय असं वाटलं.

त्याच पोरीबद्दल आणखी एक. ती लहान मुलांच्या ब्रशनं गुरुजींचे दात घासायची, दिवसातून दोनदा, नळी सांभाळून. आम्ही क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात बुडवलेला बोळा फिरवायचो आणि तोंड स्वच्छ झालं म्हणायचो. आता ते औषध तोंडासाठी वापरू नये असा सल्ला आहे आणि साध्या ब्रशनं न्यूमोनिया कमी होतो, असं २०२३ मध्ये पंधरा अभ्यास एकत्र करून छापलंय. हे तिला कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, "सरांनी. ब्रश मीच आणते, बाहेरच्या दुकानातून." ब्रश ती आणते! बिलात 'ओरल केअर किट' रोज लावलेलं आहे.

आता कापलेले स्टार.

एक स्टार रात्रीसाठी. दिवसा दोन पेशंटला एक सिस्टर, ते कसंबसं चालतं. रात्री अकरानंतर चाराला एक. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एक स्वतंत्र सिस्टर असावी हे कागदावर सगळ्यांनाच मान्य आहे. मी एका रात्री काचेतून बघत होते: शेजारच्या खाटेवर कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेलं पोरगं होतं, बावीस-तेवीस वर्षांचं. त्याला विषावरचं ॲट्रोपिन चालू. हे औषध छाती कोरडी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट करत न्यायचं असतं आणि नंतरही डोळ्यात तेल घालून बसायचं असतं, कारण जास्त झालं तर पेशंट भ्रमात नळ्या उपटतो. सिस्टर त्याच्यापाशी आणि गुरुजींचा अलार्म सहा मिनिटं वाजत होता. मी घड्याळ लावून मोजलीत. नळीत कफ अडकला होता, बाकी काही नव्हतं, तिनं आल्या-आल्या ओढून काढला. पोरीची चूक काहीच नाही. तिला दोनच हात आहेत आणि पगार विचारू नका, मी विचारला होता, सांगायची लाज वाटते.

मशीनवाल्या हॉस्पिटलांना या गोष्टीचा विसर पडतो की आयसीयू मशीनीतून जन्मलेला नाही. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली, श्वास बंद पडलेल्या पहिल्या ३१ पैकी २७ दगावले. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञानं गळ्यात छेद देऊन नळी बसवायला आणि हातानं पिशवी दाबून श्वास द्यायला लावलं. दीड हजारांच्या आसपास विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन्महिने पिशव्या दाबत बसले आणि मृत्यू झपाट्यानं उतरले. हे मी निवृत्तीनंतर वाचलं, पण मला त्यात नवल वाटलं नाही. मण्यार चावलेल्या एका शेतकऱ्याला आम्ही असंच रात्रभर जगवलंय. पापण्या पडलेल्या, अंग लुळं, पण आतून माणूस जागा. व्हेंटिलेटर एकच होता, तो दुसऱ्याला लागलेला. त्याचा भाऊ, चुलता, मेहुणा पाळीपाळीनं अँबू, म्हणजे श्वास द्यायची तीच पिशवी, दाबत बसले, मी लय धरून द्यायची: दाब, सोड, सोड. सकाळी त्यानं भुवया हलवल्या. ती रात्र आठवली की चाराला एक सिस्टर ही काटकसर कुणाच्या डोक्यातून निघाली असेल असा प्रश्न पडतो.

उरलेला अर्धा स्टार दारासाठी. भेटायची वेळ सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एकावेळी एक. दारावरचा मामा बिचारा हुकमाचा ताबेदार. जंतू येतात, हे कारण सांगतात. ब्राझीलमधल्या ३६ आयसीयूंत २०१९ च्या अभ्यासासाठी नातेवाइकांना दिवसाला बारा तासांपर्यंत आत बसू दिलं. संसर्ग वाढला नाही. पेशंटचा भ्रम फारसा कमी झाला नाही हेही खरं, पण घरच्यांची घालमेल बरीच कमी झाली. मी काही बारा तास मागत नव्हते. मला फक्त चष्मा द्यायचा होता. पहिल्या रात्री सिस्टरनं घड्याळ, कवळी, चष्मा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आमच्या हवाली केला आणि तो अकरा दिवस माझ्या पर्समध्ये राहिला. मागितला तर म्हणायचे, हरवेल, जबाबदारी कोणाची. उणे पाचचा नंबर असलेला माणूस, भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही, समोर कोण उभंय कळत नाही, त्याच्या डोक्यात शाळा भरणार नाही तर काय होणार? अकराव्या दिवशी मी कुणाला न विचारता चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला. थोडा वेळ इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "साडेपाच वाजले? तू जेवलीस का?" बाराव्या दिवशी दगड पाण्यात बुडाला. पास.

बोलण्याच्या बाबतीतही दारच आडवं आलं. सहाव्या दिवशी, तो लघवीचा दिवस, डॉक्टरनं आम्हाला विचारलं की पुढं आणखी अवयव गेले तर कुठपर्यंत जायचं, गुरुजी स्वतः काय म्हणाले असते. हा प्रश्न विचारायला धैर्य लागतं, बहुतेक जण टाळतात आणि शेवटपर्यंत "प्रयत्न चालू आहेत" एवढंच म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सन्मानानं मरायचा हक्क मानला आणि आगाऊ लिहून ठेवलेली इच्छा धरायला परवानगी दिली. २०२३ मध्ये ती पद्धत सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आमच्या घरी कुणी काही लिहिलेलं नव्हतं. मी सांगितलं, ते म्हणायचे मला खाटेवर वर्षानुवर्षं नका ठेवू, पण चार दिवसांची लढाई असेल तर लढा. डॉक्टरनं ते शब्द जसेच्या तसे फाइलमध्ये लिहिले. पूर्ण गुण. पण हे सगळं कुठं, तर लिफ्ट आणि मेडिकलच्या काउंटरच्या मधे, उभ्यानं, बाजूनं डबेवाले जातायत, मेडिकलवाला "बेड नंबर नऊ, चिठ्ठी!" म्हणून ओरडतोय. सोळा खाटांच्या आयसीयूला चार खुर्च्यांची एक खोली असू नये? तळमजल्यावर गणपतीच्या मूर्तीला मात्र संगमरवरी खोली आहे.

बिलाबद्दल थोडक्यात. रक्कम लिहीत नाही, तीन लाखांचा विमा पुरला नाही आणि एक एफडी मोडली एवढं पुरे. चौदा दिवसांत चौदा एक्स-रे आहेत. आत डॉक्टर सगळं हातचं राखून करत होता आणि हे रोजचे एक्स-रे मात्र घड्याळासारखे. गरज पडेल तेव्हाच काढले तर एक तृतीयांश वाचतात आणि पेशंटचं काही बिघडत नाही, हे फ्रान्समध्ये २००९ लाच दाखवून झालंय. डॉक्टरला विचारलं तर तो गप्प बसला आणि मग म्हणाला, "ते पॅकेजमध्ये आहे, मॅडम." मला मॅडम म्हणाला तेव्हाच कळलं. एरवी सिस्टर म्हणायचा.

फिजिओथेरपिस्ट सातव्या दिवशी आला, नळी असतानाच गुरुजींना खाटेच्या कडेला पाय सोडून बसवलं. चांगलं बसवलं, ओढाताण केली नाही. लवकर हलवणं चांगलं, पण अती घाईनं, जास्त वेळ हलवण्यात फायदा दिसला नाही असं २०२२ मध्ये समोर आलंय. हा पोरगा त्या मधल्या वाटेनं चालणारा होता.

डिस्चार्जला हातात दिली ती चार पानं इंग्रजी आणि गोळ्यांची यादी. घरी आल्यावर काय होणार याबद्दल एक शब्द नाही. मला ठाऊक होतं म्हणून निभावलं. मांड्यांतलं मांस गेलेलं, संडासच्या दोन पायऱ्या चढायला हाताला धरायचं, रात्री दचकून उठायचं आणि "पोरांना सोडा, पोरांना बांधू नका" म्हणायचं, कारण आत एक-दोन रात्री त्यांचेच हात पट्टीनं बांधले होते. गावातले लोक म्हणायचे गुरुजींना बाहेरचं काहीतरी लागलंय, उतारा टाका. आयसीयूतून वाचलेल्या माणसाच्या या अशक्तपणाला, विसराळूपणाला आणि भीतीला डॉक्टरी नाव आहे, गेल्या बारा-पंधरा वर्षांतलं. त्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी बोलावून तपासणी करतात अशी हॉस्पिटलं जगात आहेत. आम्हाला महिन्यानं फोन आला तो स्टार द्यायची आठवण करून द्यायला.

हयातीच्या दाखल्यासाठी परवा बँकेत गेलो. यादीवर सही करायची होती. गुरुजींचा हात थरथरतो. पहिली सही जुळली नाही, दुसरी ओळीच्या बाहेर गेली. काउंटरवरची बाई चांगुलपणानं म्हणाली, "राहू द्या बाबा, अंगठा द्या, चालतो." तिनं शाईचा पॅड उघडून पुढं सरकवला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे अंगठे पुसून सह्या शिकवलेल्या माणसानं तो पॅड दोन बोटांनी बंद केला आणि म्हणाले, पुढच्या आठवड्यात येतो. येताना दुकानातून दुरेघी वही घेतली. रोज दुपारी दोन पानं सही गिरवतात. शुक्रवारी पुन्हा जायचंय.